भास्करभाईंचं नत्र

खताच्या दुकानात खत घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदारच परत पाठवतो, हे मी आशागडला पहिल्यांदा पाहिलं आणि मग पाच वर्षं जवळजवळ रोज पाहिलं.

२०१४ सालचा जून होता. डहाणूच्या एका शाळेत मराठी शिकवायला मी साताऱ्याकडून नुकताच आलो होतो आणि खोली शोधत होतो. कुणीतरी सांगितलं, आशागडला भास्करभाई राऊतांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, वरची खोली रिकामी आहे. गेलो तर दुकानात भांडण चाललेलं. म्हणजे मला ते भांडण वाटलं. नंतर कळलं, ती तिथली रोजची विक्री होती.

"चार पोती युरिया," गिऱ्हाईक म्हणत होतं.

"जमीन किती?"

"भाई, तुम्हाला काय माहीत नाही? दीड एकर भात."

"मग चार पोती कशाला? भाताला घालणार की भात त्यात पुरणार?"

"गेल्या साली चारच घातलेली."

"मग गेल्या सालचं गेलं कुठे?"

गिऱ्हाईक बावचळलं. "कुठे म्हणजे? भातात गेलं."

"सगळं? मग भात ताडाएवढा व्हायला हवा होता. तो तर आडवा झोपला होता, मी बघितलाय." गल्ल्यामागचा उंच, सडसडीत माणूस आता उभा राहिला आणि बोटांवर मोजत बोलू लागला. "थोडं वर हवेत गेलं, थोडं खाली विहिरीत गेलं, थोडं वाहून तळ्यात गेलं. उरलं ते भातानं खाल्लं. तळ्यात भात लावलायस का तू?"

शेवटी तो माणूस दोन पोती घेऊन, पुढच्या वेळी तलासरीला जाईन असं पुटपुटत निघून गेला. मग भाई माझ्याकडे वळले. चेहरा तसाच, लढाईतला.

"तुम्हाला किती पाहिजे?"

"खत नको. खोली पाहिजे."

"असं होय!" चेहरा एकदम निवळला. "खोली घ्या की. खोली जमिनीत झिरपत नाही."

भाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे असावेत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्मा, आणि नाक सतत कसला तरी वास घेतल्यासारखं किंचित वर. वास ते खरोखरच घेत. माती हातात आली की आधी नाकाशी जायची. पान चुरगळून हुंगत. मी गावाहून आणलेली पिशवी त्यांनी पहिल्या दिवशी हुंगली होती आणि "शेंगा" असं बरोबर सांगितलं होतं. शेणाच्या ढिगाजवळून जाताना डोळ्यांना झोंबणारा तो अमोनियाचा वास आला की हे जागच्या जागी थांबत. "उडतंय, उडतंय!" असं ओरडत. जणू कुणाचं पाकीट मारलं जातंय. एकदा घोलवडला भाच्याच्या लग्नाच्या वरातीत मी त्यांच्याबरोबर चालत होतो. अचानक पाहिलं तर नवऱ्याचा मामा गायब. मागे वळलो, तर एका वाडीच्या कुंपणाआड, खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधून, हा मामा उघड्या उकिरड्यावर चिकूचा पालापाचोळा ओढून तो झाकत होता. वाडीचा मालक चोर समजून काठी घेऊन आला. भाईंनी त्यालाही पाचोळा आणायला लावला. वरात त्यांच्यासाठी थांबली नाही, पण भाईंच्या पत्नी कुसुमवहिनी थांबल्या. त्यांनी जे ऐकवलं ते गुजरातीत होतं, म्हणून मला सगळं कळलं नाही. भाईंना कळलं असावं, कारण ते जेवणाच्या पंगतीपर्यंत कशाचाही वास घेत नव्हते.

या माणसाला नत्राचं वेड होतं. नायट्रोजन हा शब्द ते फक्त कंपनीच्या लोकांशी वापरत. एरवी नत्र. मी भाषेचा मास्तर, रसायनशास्त्राशी माझं शाळेतच फाटलेलं, तेव्हा मला समजावताना ते दुकानाच्या भाषेत बोलत.

"सर, आपण श्वास घेतो ना, त्या हवेत बहुतेक नत्रच. पण ते पिकाला खाता येत नाही. कुलूप लावलेलं गोदाम समजा. जुन्या काळी त्याची किल्ली दोघांकडेच होती. एक आकाशातली वीज आणि दुसरे मातीतले जंतू. ते जेवढं काढत तेवढ्यावर जग चालायचं. आणि मातीतलेच दुसरे जंतू जास्तीचं परत हवेत पाठवायचे. आवक तेवढी जावक. मग माणसानं कारखाना काढला. हवा दाबली, तापवली आणि पोत्यात भरली. बरं झालं, नाहीतर एवढी तोंडं जेवली नसती, मी पण नाही, तुम्ही पण नाही. पण आवक वाढवली दणदणीत, आणि जावकेच्या खिडकीवर तेच जुने कारकून. मग माल साचणार कुठे? विहिरीत, तळ्यात, खाडीत, समुद्रात. इथेच नाही, चीनमध्ये, अमेरिकेत, सगळीकडे."

"मग तुम्ही खत विकता कशाला?"

"मी नाही विकलं तर तलासरीचा विनूभाई विकेल. तो काहीच विचारत नाही."

"गेलं कुठे?" हा प्रश्न विचारायची त्यांची सवय दुकानापुरती राहिली नव्हती. चहात साखर कमी लागली तरी "गेली कुठे?" शाळेत पहिलीला पोरं भरपूर, दहावीला थोडीच, हे माझ्याकडून ऐकल्यावर त्यांनी मलाच दरडावून विचारलं, "मधली गेली कुठे?" त्या दिवशी मला खतवाल्या गिऱ्हाइकांची दया आली.

एकदा मात्र ते स्वतःच अडकले. दुकानात कुणाला तरी सांगत होते की गाड्यांच्या धुरातूनसुद्धा नत्र बाहेर पडतं आणि पावसाबरोबर खाली येतं. तलासरीकडचा एक शेतकरी बाकावर बसून शांतपणे ऐकत होता. त्याचं शेत हायवेला लागून होतं.

"म्हणजे भाई, माझ्या शेतात ट्रक फुकट खत टाकतात?"

"थोडं टाकत असणार."

"मग मी कमी घालू?"

कमी घालू का, असं आपणहून विचारणारं गिऱ्हाईक भाईंना जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं आणि नेमकं त्यालाच काय सांगावं ते माहीत नव्हतं. दोन दिवस ते अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी बसने जाऊन त्यांनी त्याचं शेत बघितलं, भाताची पानं हुंगली आणि सांगितलं, "ट्रकच्या भरवशावर राहू नको." परत येऊन मला म्हणाले, "पानाला नुसता डिझेलचा वास येत होता. काय कळणार!"

खत कंपनीचा एक प्रतिनिधी दर हंगामाला यायचा. गळ्यात टाय, पायात चिखल. बिचारा त्याच्या कामाला जागून विचारायचा, "भाई, या भागात तुमचाच खप पडतो. तलासरीला बघा, कसा वाढतोय."

"तिकडची जमीन वाढली का?"

"जमीन कशी वाढेल?"

"मग खप का वाढतो ते त्यांना विचारा. मला काय विचारता?"

एका उन्हाळ्यात तो घाम पुसत आला. भाईंनी आतून काचेचा ग्लास भरून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. हिरवंगार, गारेगार. त्यानं वाळ्याचं सरबत समजून हात पुढे केला.

"थांबा," भाई म्हणाले. "पिऊ नका. तळ्याचं पाणी आहे. तुमचाच माल आहे, फिरून आलाय."

खप वाढवणाऱ्या दुकानदारांना त्या कंपनीने एका वर्षी बँकॉकला नेलं. विनूभाई जोडीनं जाऊन आला. त्याच्या बायकोने हत्तीवर बसलेला फोटो प्रत्येक लग्नात आणि बारशात दाखवला आणि प्रत्येक वेळी कुसुमवहिनींना तो पाहावा लागला. वहिनी मूळच्या बोर्डीच्या, बोलायला खणखणीत. मला जेवायला वाढता वाढता म्हणाल्या, "सर, युरिया विकून बायका हत्तीवर बसल्या. आमचे हे उकिरडा झाकतायत."

"हत्ती काय, उतरल्यावर आपण जमिनीवरच," भाई जेवता जेवता म्हणाले.

"आधी चढवा तरी!"

वहिनींचं बोलणं खोटं नव्हतं. दुकान चालायचं, पण रडतखडत. तरी चालायचं याचं कारण बियाणं चांगलं असे आणि भाई खोटं बोलत नसत. पण त्यांच्या दुकानात सगळ्यात मानाची जागा खताला नव्हती. थंडीत, भात निघाल्यावर शेतात वाल पेरला की भाई त्याचं एक झाड मुळासकट उपटून आणत आणि गल्ल्याशेजारी बरणीत ठेवत. मुळांवर मोहरीपेक्षा जराशा मोठ्या गाठी. नखाने फोडली की आतून गुलाबी.

"हे बघ," गिऱ्हाइकाला दाखवत, "हे जंतूंचं दुकान. हवेतलं नत्र काढून फुकट देतात. माझं दुकान बंद पाडायला बसलेत."

"मग ही बरणी इथे कशाला ठेवली, भाई?"

"समोरासमोर बसलेलं बरं."

कोसबाडच्या वाटेवर एक पाडा होता. तिथे लखमीआई नावाची एक वारली म्हातारी राहायची. स्वतःची थोडी भातशेती, दोन सुना आणि जिभेला धार. भाईंना तिच्या शेताची फार ओढ, कारण ती ऐकायची नाही. तिनं उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर फांद्या-पालापाचोळा पसरून जाळला, म्हणजे राब भाजला, तेव्हा भाई धावत गेले होते.

"आई, हा धूर नाही, हे नत्र उडतंय! पाला कुजव, जाळू नको."

"राब नाय भाजला तर तण किती येतं, ठाव आहे? ते काढाया तू येशील?"

"येईन!"

तिनं एका कोपऱ्यातल्या वाफ्यावर भाजलं नाही. जुलैत भाई खरंच तण काढायला गेले. दुपारी कमरेवर हात ठेवून परत आले आणि राब हा शब्द त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर कधी उच्चारला नाही.

पण पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा तिच्या बांधावर हजर. या वेळी युरिया आणि डीएपी ही खतं दाबून केलेल्या गोळ्या घेऊन. खत वरून फेकायचं नाही. चार रोपांचा चौकोन, त्याच्या मधोमध एक गोळी, बोटभर खोल चिखलात खोचायची. मग ते वरही उडत नाही आणि वाहूनही जात नाही. मला सुट्टी होती म्हणून मीही छत्री धरून बांधावर. भाईंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेतात उतरून सगळ्या बायांना दाखवायला लागले. "चार रोपं, एक गोळी. चार रोपं, एक गोळी." वाकून, एकेक पाऊल मागे टाकत. लावणीवाल्या बाया कामं थांबवून बघत होत्या. मागे एक खड्डा होता, तो सगळ्यांना दिसत होता. कुणी काही बोललं नाही. भाई चौथ्या-पाचव्या ओळीला सबंध खाली बसले. कमरेपर्यंत चिखल आणि भोवती नेमकी चार रोपं.

लखमीआईने वाकून नीट पाहिलं. "बसलीय तर बरोबर मधोमध," ती म्हणाली. "पर भाई, ही गोळी लय मोठी झाली. एवढ्यानं भात जळंल. उपटा हिला!"

बाया हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. दोघींनी हात धरून भाईंना उपटलं. ते स्वतःही हसत होते, पण उभे राहताच म्हणाले, "हसा. पण पुढची ओळ तुम्ही लावा." आणि त्यांनी लावली. त्या वर्षी लखमीआईने नेहमीपेक्षा खूप कमी खत वापरलं आणि भात उभा राहिला, झोपला नाही. भाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, "पाऊस बरा होता."

मग तो मासळीचा प्रकार घडला. २०१७चा सप्टेंबर. पावसाने बरेच दिवस दडी मारली होती आणि ऊन रणरणत होतं. गावाबाहेरच्या तळ्यावर शेवाळाचा जाड हिरवा थर. एका सकाळी तळ्यातले मासे पाण्यावर तोंड काढून आ वासायला लागले आणि उन्हं चढेपर्यंत पांढरी पोटं वर करून काठाला लागले. कुणी म्हणालं, वरच्या पाड्यावाल्यांनी विष टाकलं. वरचा पाडा म्हणाला, खालच्यांनी टाकलं. दोन्हीकडची माणसं काठावर जमली, आवाज चढले, कुणाच्या तरी हातात वल्हं आलं. कुणीतरी भाईंना बोलावून आणलं. ते आले, पाण्याशी वाकले आणि हुंगले.

"विष नाही. खत आहे."

"कोणाचं?" दोन्ही बाजूंनी एकदम विचारलं.

"सगळ्यांचं. शेतातून वाहून आलं, शेवाळानं खाल्लं, शेवाळ माजलं, मेलं, कुजलं. कुजताना पाण्यातली हवा संपली. माशांना श्वास कुठला? तू घातलंस, तू घातलंस, मी विकलं." ते एकेकाकडे बोट दाखवत गेले आणि शेवटी स्वतःच्या छातीवर थांबले.

यावर मारामारी करायची तर प्रत्येकानं स्वतःलाच मारायला हवं होतं. वल्हं खाली आलं. माणसं पांगली.

भाई मात्र पेटले. वापीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाच्याकडून त्यांनी पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या मागवल्या. पट्टी पाण्यात बुडवायची, जरा थांबायचं. नायट्रेट नसेल तर ती पांढरी राहते, असेल तर गुलाबी होते, जास्त असेल तर गडद होत जांभळटाकडे झुकते. पुढचे काही आठवडे हा माणूस विहिरींवर फिरत होता. सासूनं सुनेच्या स्वयंपाकात मीठ किती पडलं ते बघायला यावं, तसा. कुणाची फिकी गुलाबी निघाली की तिथेच काठावर भाषण. "बघ, तुझा युरिया! बादलीनं वर काढतोयस, परत पितोयस!" एकजण चिडून म्हणाला, "भाई, विकलात तुम्हीच ना?" पण तो आवाज भाषणात बुडाला.

नेमकं तेव्हाच त्यांची मुलगी मेघा पहिल्या बाळंतपणासाठी नवसारीहून माहेरी येणार होती. वहिनी खोल्या झाडत होत्या. भाई जेवताना सांगत बसले की तान्ह्या बाळाला वरचं दूध असल्या पाण्यात कालवून दिलं तर ते निळं पडू शकतं, जीवावर बेतू शकतं. वहिनींचा हात थांबला.

"आणि आपली विहीर?"

"आपली कशाला? आपल्या विहिरीपाशी शेत कुठाय?"

"गावाची बघितलीत. आता आपली बघा."

रविवार होता. भाईंनी अगदी समारंभ केला. शेजारीपाजारी जमले. ज्यांच्या विहिरीची निंदा झाली होती ते तर आवर्जून आले. बाजाराला निघालेली लखमीआई पण टोपली टेकवून उभी राहिली. दुकानामागे गोदाम, गोदामामागे विहीर आणि विहिरीभोवती केळी. त्या केळींचं मला पहिल्या दिवसापासून नवल वाटायचं. काळपट हिरव्या, हत्तीच्या कानाएवढ्या पानांच्या. सगळ्या गावाची सत्यनारायणाची पानं तिथूनच जायची. भाईंनी बादली काढली, पट्टी बुडवली आणि वर धरली.

पट्टीने जास्त वेळ घेतला नाही. गुलाबी झाली, गडद झाली आणि जांभळी होऊन थांबली. तशी पट्टी गावात कुठेच निघाली नव्हती.

मग लखमीआई पुढे झाली, पट्टी जवळून बघितली आणि विचारलं, "भाई, रंग कोणता चांगला? हाच ना?"

भाईंनी दुसरी पट्टी बुडवली. तीही तशीच. मग ते विहिरीच्या कठड्यावर बसले. त्यांनी केळींकडे पाहिलं, गोदामाच्या मागच्या दाराकडे पाहिलं, आणि दारातून केळींकडे येणाऱ्या छोट्या चराकडे पाहिलं. तो चर त्यांच्या हातचाच होता.

"दर शनिवारी," ते हळूच म्हणाले. "बाबा होते तेव्हापासून. फाटक्या पोत्यातून सांडलेलं झाडून घ्यायचं आणि गोदाम धुऊन काढायचं. स्वच्छता हवी म्हणून. पाणी वाया नको म्हणून केळीला सोडायचं." हातातली पट्टी त्यांनी पुन्हा उजेडात धरली. "मी सगळ्यांना विचारत फिरलो, सर."

ज्यांना हसायचं होतं ते आले होते हसायलाच, पण आता त्यांना ते जमेना. माणसं एकेक करून निघून गेली. त्या दिवशी दुपारी भाईंनी दुकान उघडलं नाही.

मला वाटलं, आता हा माणूस गप्प होणार. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर दुकानाबाहेर फळा लावलेला आणि त्यावर खडूनं ठळक अक्षरांत, "या दुकानाच्या विहिरीत नत्र आहे. पाणी पिऊ नये." खाली सही.

"अहो, काय हे!" वहिनी कपाळाला हात लावून उभ्या. "खताच्या दुकानावर हे? गिऱ्हाईक येईल का?"

गिऱ्हाईक आलं. पण जे आलं ते कुणालाच सुचलं नव्हतं. पहिला आला तो मिरची लावणारा एक शेजारी. फळा वाचला, डोकं खाजवलं आणि विचारलं, "भाई, म्हणजे विहिरीच्या पाण्यात खत आहे?"

"आहे."

"मग ते पाणी मिरचीला घातलं तर चालेल?"

भाईंनी नाक वर केलं आणि विचार करू लागले. चालणार होतं. नुसतं चालणार नव्हतं, तेच व्हायला हवं होतं. विहिरीतलं नत्र बाहेर काढून पिकाला खाऊ घालायचं, तेवढं खत कमी. "ने," ते म्हणाले, "पण युरिया घालायचा नाही मग. शपथ घे."

आठवड्याभरात दुकानापुढे ड्रम, कॅन, हंडे घेऊन रांग. बैलगाडीवरून टाकी आली. रोपवाटिकावाले आले. खताच्या दुकानात खत सोडून पाण्याला गर्दी. पंपाचा खटका कुसुमवहिनींनी स्वतःच्या हातात घेतला आणि रांग अशी काही सरळ केली की शाळेत मला तशी कधी जमली नाही. कंपनीचा टायवाला आला तेव्हा ती रांग बघून त्याला भरून आलं. "भाई, शेवटी तुमचा खप वाढला!" भाईंनी त्याला फळा दाखवला. तो पुन्हा आला नाही, दुसरा आला.

गोदाम धुणं बंद झालं. जमिनीवर नवा सिमेंटचा थर पडला, सांडलेलं खत सुकंच झाडून परत पोत्यात जाऊ लागलं. राहिला प्रश्न घरच्या पिण्याच्या पाण्याचा. गावात सगळ्यात पांढरी पट्टी निघाली होती लखमीआईच्या पाड्यावरच्या विहिरीची. भाई खूप दिवस टाळत होते. शेवटी मेघा घरी पोचली तेव्हा सायकलला दोन कॅन अडकवून निघाले. सोबत मी.

लखमीआई अंगणात बियाण्यासाठी ठेवलेल्या वालाच्या सुक्या शेंगा सोलत होती. आम्हाला बघून उठली नाही.

"आई, पाणी पाहिजे. पोरगी आलीय."

"घे. विहीर कोणाच्या बापाची नाय. रोज ये." मग एक शेंग भाईंच्या दिशेने रोखून म्हणाली, "पर उपदेश आणू नको. पाणी गढूळ होतं."

त्यानंतर भाई रोज सकाळी तिथे जात. कॅन भरेपर्यंत आता ती बोलायची आणि हे ऐकायचे. पाला कधी तोडायचा, कुठलं शेण कुठल्या वाफ्याला, तिच्या सासऱ्याच्या वेळी तळ्यात कुठले मासे होते. परत आल्यावर ते मला सगळं सांगत आणि पुढे पुस्ती जोडत, "यातलं निम्मं चूक आहे. पण कुठलं निम्मं, ते कळत नाही."

मेघाला मुलगी झाली. गोरीगुलाबी, दणदणीत आवाजाची. दवाखान्याच्या दारात भाईंनी नर्सला तीनदा विचारलं, "रंग कसा आहे? ओठांचा? नखांचा?" तिला वाटलं, आजोबांना नात गोरी हवी आहे. ती फणकारून म्हणाली, "आजोबा, हल्ली असं विचारतात का?" भाई तिला समजवायला गेले, नत्र, विहीर, ऑक्सिजन... वहिनींनी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. तिथे बसल्यावर या माणसाला रडू आवरेना. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचं पोस्टर होतं, ते वाचत राहिलो.

२०१८ला सरकारनं युरियाचं पोतं थोडं हलकं केलं तेव्हा भाईंनी दुकानात पेढे वाटले. शेतकऱ्यांनी पेढे खाल्ले आणि पोती तेवढीच मागितली. विहिरीवरची पट्टी मात्र फिकी होत चालली होती. जांभळ्यावरून गडद गुलाबी, मग नुसती गुलाबी. रांगही तशी कमी झाली. मिरचीवाला तक्रार घेऊन आला, "भाई, पाण्यात दम राहिला नाही." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर फार क्वचित पाहिला.

२०१९च्या मे महिन्यात माझी बदली साताऱ्याकडे झाली. वहिनींनी वालाचं बिरडं करून जेवू घातलं आणि बजावलं की लग्न करा. भाई मला पोचवायला डहाणू रोड स्टेशनवर आले. चिकूचे खोके फलाटावर रचलेले होते, त्यातून वाट काढत त्यांनी माझी ट्रंक डब्यात चढवली. मी खिडकीशी बसलो. ते खिडकीखाली उभे. दोघांनाही काही बोलायचं होतं आणि दोघेही घड्याळाकडे बघत होतो.

"सर," शेवटी त्यांनी सुरुवात केली, "तुम्ही पाच वर्षं वर राहिलात, पण..."

तेवढ्यात माझ्या पुढच्या खिडकीतून कुणीतरी मान बाहेर काढली. "भाई! ओळखलं का? बोरीगावचा. माझ्या वांग्याची पानं पिवळी पडतायत."

"खालची की वरची?"

"खालची."

"मुळाशी पाणी साचतं का?"

गाडी हलली. भाई चालू लागले, पण त्या खिडकीबरोबर. "नुसतं पिवळं दिसलं म्हणून युरिया मारू नको! आधी पाणी काढ! ऐकतोस का?" गाडीने वेग घेतला, तसा त्यांनीही घेतला. चिकूच्या खोक्यांना वळसा, हमालाच्या हातगाडीला वळसा, एक हात वर, शर्ट पाठीवर फुगलेला. "मूळ उपटून बघ! कुजलं असेल तर वास येईल!"

फलाट संपला तिथे ते थांबले. तेव्हा त्यांना मी आठवलो असावा, कारण एकदम वळून ते गाडीकडे बघायला लागले. माझा डबा केव्हाच पुढे गेला होता. मी खिडकीतून वाकून पाहिलं, तर भाई समोरून जाणाऱ्या भलत्याच डब्याकडे बघून, चष्मा सावरत, जोरजोरात हात हलवत होते. आणि त्या डब्यातून कुणीतरी अनोळखी माणसाने बाहेर हात काढून त्यांना तितक्याच जोरात उत्तर दिलं.